भातसाकाठची लेक बोटीवर निघाली

मुंबईहून कसारा लोकल पकडून आसनगावला उतरावे, शहापूरच्या एस. टी. स्टँडवर यावे आणि तेथून भातसानगरची वाट धरावी. वाटेत एका बाजूला माहुलीचे सुळके दिसत राहतात. पावसाळ्यात हा सारा मुलूख हिरवागार असतो, आणि मे महिन्यात याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. मधोमध पसरलेला असतो भातसा धरणाचा अथांग जलाशय. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांत हा सर्वांत मोठा. मुंबईकर जे पाणी पितो त्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा! धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत जाते, तेथे उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि मग मुंबईच्या नळाला येते. जे उरते ते उल्हास नदीच्या वाटेने वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते.

धरणाच्या कामासाठी जी वसाहत उभी राहिली तेच भातसानगर. गावोगावची माणसे येथे पोटासाठी आली. कोणी वर्कचार्जवर लागले, कोणी चौकीदार झाले, कोणी कारकून. त्यांत आपला समाजही होता. त्यांची मुले या पाण्याच्या काठी लहानाची मोठी झाली. अशाच एका घरातली मुलगी आता बोटीवर निघाली आहे, आणि तीही एकटी. वडील धरणावरच्या नोकरीतून निवृत्त झालेले, आई अंगणवाडीत मदतनीस. मुलगी बारावीनंतर हॉटेल व्यवसायाचा डिप्लोमा करून दोन वर्षे ठाण्याच्या हॉटेलात राबली. आता एका मोठ्या प्रवासी जहाजावर खोल्यांची देखभाल करण्याच्या कामासाठी तिची निवड झाली आहे. करार आठ महिन्यांचा. श्रीमंत लोक सुट्टी घालवायला ज्या बोटीत बसतात, त्याच बोटीत आमची मुलगी कामाला जाणार.

बातमी वस्तीत पसरली तेव्हा काहींनी तोंडात बोटे घातली. "पोरीला एकटी समुद्रावर धाडणार? लग्नाचं काय?" असे प्रश्न आले. तिची आई आमच्याकडे आली आणि म्हणाली, "भाऊ, पोरगी जायचं म्हणते. मला नाय म्हणवत नाय, न् हो पण म्हणवत नाय. काय काय तयारी लागते ते तुमी बघा." कागदपत्रांचे काम आमच्या रोजच्या नोकरीतले, म्हणून आम्ही हे काम अंगावर घेतले. त्या तयारीत जे कळले ते वाचक बंधू-भगिनींच्या घरी उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

ही वाट आपल्याला नवी नाही

समुद्र म्हणजे आपला नव्हे, ही समजूत प्रथम काढून टाकली पाहिजे. ज्या खाडीला भातसाचे पाणी मिळते, त्या खाडीच्या उत्तरेला नालासोपारा आहे. प्राचीन काळचे हे शूर्पारक बंदर. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तेथला स्तूप उकरला, आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच सापडला. तथागतांचा शिष्य पुन्न हा याच सोपाऱ्याचा. तो सागरी व्यापार करणारा माणूस होता, पुढे भिक्खू झाला आणि धम्म घेऊन आपल्याच प्रदेशात परतला, अशी बौद्ध परंपरा सांगते. कल्याण हेही त्या काळचे बंदर. कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या उपासकांनी दिलेल्या दानांचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत आजही आहेत. आणि सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने ताम्रलिप्तीहून जहाजात बसून बोधिवृक्षाची फांदी सिंहलद्वीपाला नेली, ही कथा तर आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवी. मुलीने समुद्र ओलांडणे हे आपल्या परंपरेला शोभणारेच आहे.

पुढे धर्माच्या ठेकेदारांनी समुद्र ओलांडणे पाप ठरवले. आम्हाला तर साध्या तळ्याचे पाणीही बंद केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच्या चौदा वर्षे आधीच ते समुद्र ओलांडून गेले होते, हे मात्र आपण विसरतो.

१९१३ ची तयारी

बाबासाहेबांचा तो पहिला समुद्रप्रवास आठवून पाहा. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. घरात तरुण पत्नी रमाई, पदरी जेमतेम सहा महिन्यांचा यशवंत. अशा वेळी ४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करारपत्र केले. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. त्यानंतर बोटीत बसून जुलै महिन्यात बावीस वर्षांचा हा तरुण न्यूयॉर्कला पोचला. कोलंबिया विद्यापीठात नाव घातले आणि पुढे जे घडले तो इतिहास आहे.

त्या काळी फोन नव्हता, पत्राला आठवडेच्या आठवडे लागत. तरीही हा प्रवास झाला, कारण जाण्याआधी तीन गोष्टी पक्क्या होत्या. कशासाठी जायचे ते ठरले होते, पैसा कोठून येणार ते कागदावर होते, आणि मागचे घर सांभाळणारे माणूस होते. पुढे १९२० साली बाबासाहेब लंडनला पुन्हा निघाले तेव्हाही तसेच. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून काटकसरीने शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ मिळाले. ते एकटे बोटीत बसले खरे, पण त्यामागे किती हात होते! आणि रमाईने परळच्या चाळीत किती हाल सोसले! एकट्याच्या प्रवासाची तयारी एकट्याची नसते, हे आम्ही त्या मुलीच्या आईला याच उदाहरणाने सांगितले.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे हे शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणी थांबा घेऊन मे २०१० मध्ये परतले. प्रवास नऊ महिन्यांचा, तयारी मात्र २००६ पासूनची, म्हणजे तीन वर्षांची! व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची ही कल्पना. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात छप्पन्न फुटांची 'म्हादेई' ही नाव बांधली गेली. दोंदे इंग्लंडला जाऊन सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकले. १९६९ साली न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा पुरी करणारा पहिला माणूस तो हाच. मग चाचणी म्हणून दोंदे सोबत्यांसह मॉरिशसला गेले आणि परतताना एकटे आले. नौदलात पाणबुड्याचे काम केलेला हा अधिकारी, पण त्यालाही पहिल्या एकट्या सफरीआधी पायरी पायरीने जावे लागले. त्यांनीच पुढे नौदलातल्या मुलींना तयार केले. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी स्त्रियांनी 'तारिणी' नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच तशीच प्रदक्षिणा करून आल्या. आमच्या मुलीची बोट मोठी, तिच्यावर हजारो माणसे. पण घर सोडून पाण्यावर एकटीने राहायचे, हे तिच्यासाठीही तितकेच नवे आहे.

पाण्याकाठी राहून पाण्याची ओळख नाही

बोटीवर कोणत्याही कामाला जायचे तर आधी सुरक्षिततेचे प्राथमिक शिक्षण घ्यावे लागते. पाण्यात जीव कसा वाचवायचा, आग कशी विझवायची, प्रथमोपचार कसे करायचे, बोटीवर वागायचे कसे आणि बोटीच्या सुरक्षेबद्दल काय सावध राहायचे, असे हे छोटे छोटे अभ्यासक्रम. त्यांतल्या पहिल्याचे नाव ऐकूनच मुलीचा चेहरा उतरला. आम्हाला म्हणाली, "काका, पाणी बघत मोठी झाले, पण पाण्यात कधी उतरले नाही."

तिचे खरेच होते. जलाशयात उतरायला बंदी, आणि ती योग्यच आहे. धरणाचे पाणी खोल, तळाचा अंदाज येत नाही, विसर्ग सुटला की नदीचे पात्र क्षणात भरते. पोहायला शिकावे तर तलाव शहरात, आणि त्याची फी परवडणारी नाही. आमच्या आजोबा-पणजोबांना पाणवठ्याला शिवू दिले नाही. आज पाणवठा दाराशी आहे, पण पोरांना पोहता येत नाही. हक्क मिळाला, पण सराव मिळाला नाही. हे नोकरीच्या वेळी असे आडवे येते.

मुलीने हार मानली नाही. कल्याणच्या बाजूला मावशीकडे दीड महिना राहून ती रोज पहाटे पोहण्याच्या तलावावर गेली. तेथे बायकांची वेगळी वेळ होती, शिकवायलाही बाईच होती. आधी नुसते पाण्यात तोंड बुडवून श्वास सोडायचा, मग कठडा धरून पाय मारायचे, मग तरंगायचे. प्रशिक्षणाच्या दिवशी जीवरक्षक जाकीट घालून उंचावरून उडी मारायची होती. एका हाताने नाक-तोंड झाकायचे, दुसऱ्या हाताने जाकीट घट्ट धरायचे, समोर बघायचे आणि एक पाऊल पुढे टाकायचे. उलटलेला रबरी तराफा पाण्यात सरळ करून त्यात चढायचे. थंड पाण्यात पडले तर गुडघे छातीशी घेऊन अंगातली ऊब राखायची. हे सारे ती करून आली, आणि आता वस्तीतल्या पोरांना शिकवते. बोटीवर धोक्याचा इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा. पोरे दिवसभर तोंडाने तसे भोंगे वाजवत फिरतात!

दलालाचा फास

खरी कसोटी मात्र वेगळ्याच ठिकाणी लागली. नोकरी लावून देतो म्हणून आधी एक दलाल घरी येऊन गेला होता. "दीड लाख द्या, महिन्याभरात बोटीवर चढवतो" असे त्याचे बोलणे. आईने सोन्याची माळ गहाण टाकायचे मनात धरले होते. वडील म्हणाले, "पोरीच्या भविष्यासाठी एवढं तर करायलाच पाहिजे." आम्ही दोघांना बसवून समजावले.

वाचकहो, हे नीट लक्षात ठेवा. खलाशांच्या आणि बोटीवरील कामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल कामगाराकडून एक पैसाही घेता येत नाही. पासपोर्ट, खलाशाची नोंदवही म्हणजे सीडीसी, आणि नियमाप्रमाणे लागणारा वैद्यकीय दाखला यांचा खर्च कामगाराने करायचा. व्हिसाचा खर्च मालकाचा. प्रशिक्षणाची फी संस्थेला भरावी लागते हे खरे, पण ती पावती घेऊनच भरावी. भरती करणाऱ्या कंपनीकडे केंद्र सरकारच्या नौवहन खात्याचा परवाना असावा लागतो. परवानाधारक कंपन्यांची यादी सरकार जाहीर करते. परवान्याचा क्रमांक मागावा आणि यादीत तो स्वतः तपासावा. जो नंबर द्यायला टाळाटाळ करतो त्याला दारातूनच जयभीम करावा.

आम्ही त्या दलालाला परवान्याचा क्रमांक विचारला, तेव्हापासून त्याचा फोन बंद आहे. माळ पेटीतच राहिली. पुढे मुलीने यादीतल्या कंपनीत स्वतः अर्ज केला, मुलाखत दिली आणि एक पैसाही न देता तिची निवड झाली. यात चार महिने जास्त गेले. पण कर्जाच्या ओझ्याखाली बोटीवर चढलेल्या माणसाला तेथला जुलूम निमूट सोसावा लागतो, कारण घरी सावकार बसलेला असतो. ती बेडी तिच्या पायात नाही, हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

करार वाचूनच सही

करारपत्र इंग्रजीत आले. रविवारच्या वंदनेनंतर आम्ही, मुलगी आणि तिचे आईवडील असे चौघे बसून एकेक ओळ मराठीत लावत गेलो. काय पाहायचे ते येथे देतो. पगार किती आणि कोणत्या चलनात, ओव्हरटाइमचा दर काय, करार किती महिन्यांचा. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. करार संपल्यावर किंवा आजारी पडल्यास घरी परत आणण्याचा खर्च मालकाचा. पगारातला ठरावीक भाग परस्पर घरी पाठवण्याची सोय मागता येते. तक्रार कोणाकडे करायची तेही लिहिलेले असते. सहीची एक प्रत बोटीवर चढण्यापूर्वी आपल्या हाती हवी, आणि तिची झेरॉक्स घरी हवी.

बाबासाहेबांनी १९१३ साली करारावर सही केली तेव्हा मोबदल्यात दहा वर्षांची नोकरी द्यायची आहे, हे जाणून केली. सही म्हणजे काय हे आपल्या माणसाने फार पूर्वी शिकून ठेवले आहे. अंगठ्याच्या पिढीतून आपण बाहेर आलो ते न वाचता सही करण्यासाठी नव्हे.

बॅगेत काय आणि अंगावर काय

आईने लाडू, चटणी, पापड, लोणचे असा डोंगर जमवला. बॅगेच्या वजनाला मर्यादा असते, आणि खाण्याचे जिन्नस परदेशी बंदरात जप्तही होऊ शकतात. आम्ही तिला भिक्खूच्या आठ वस्तूंची आठवण दिली. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे वस्त्र. एवढ्यावर माणूस देशोदेशी फिरला. मग यादी आपोआप लहान झाली. मऊ तळाचे चांगले बूट, पुरेसे आतले कपडे, एक गरम कपडा, महिन्याच्या पाळीचे सामान, सुई-दोरा, डॉक्टरने लिहून दिलेली औषधे चिठ्ठीसह. बोट लागते तेव्हा पहिले दोन-तीन दिवस जड जातात. त्या वेळी पोट अगदी रिकामे ठेवू नये, आले चघळावे, उघड्यावर जाऊन क्षितिजाकडे नजर लावावी, आणि गोळी डॉक्टरला विचारूनच घ्यावी.

कागदपत्रे मात्र मोठ्या बॅगेत ठेवायची नाहीत. पासपोर्ट, सीडीसी, वैद्यकीय दाखला, पीतज्वराच्या लसीचे कार्ड, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, करार आणि घरचे फोन नंबर हे सारे हातातल्या पिशवीत. याचेही उदाहरण बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे ग्रंथ आणि टिपणे असलेले सामान 'सालसेट' नावाच्या बोटीने निघाले. युद्धाचा काळ होता. जुलै महिन्यात जर्मन पाणबुडीने ती बोट बुडवली. बाबासाहेब स्वतः 'कैसर-ए-हिंद' या दुसऱ्या बोटीने २१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईला सुखरूप पोचले, पण वर्षांच्या कष्टाचे कागद तळाला गेले. सालसेट म्हणजे साष्टी, आपल्याच ठाणे-मुंबईच्या बेटाचे नाव! मुलीने हे ऐकले आणि सर्व कागदांच्या दोन-दोन प्रती काढून एक आईच्या ट्रंकेत ठेवली.

पिशवीत तिने बाबासाहेबांचा छोटा फोटो आणि वंदनेची पुस्तिका ठेवली आहे. परदेशी सहकाऱ्यांनी विचारले तर आपण कोण, हे तिला न लाजता सांगता यावे.

घराची तयारी

जाणाऱ्याची तयारी होते, राहणाऱ्यांची राहून जाते. या घरात आईने मोबाइलवर बँकेचा मेसेज वाचायला शिकून घेतले. गुप्त क्रमांक कोणालाही सांगायचा नाही, हे तिच्याकडून दहा वेळा वदवून घेतले. समुद्रात रोज फोन लागत नाही, बोटीवरचे इंटरनेटही महाग पडते. म्हणून आठवड्यातून एक वार आणि वेळ ठरवली. त्या दिवशी फोन आला नाही तर लगेच रडारड करायची नाही, कोणाला फोन करून चौकशी करायची तेही लिहून भिंतीवर लावले आहे. पहिल्या सहा महिन्यांच्या पैशातून घराला किती, बचतीला किती आणि तिच्या पुढच्या शिक्षणाला किती, हे आधीच ठरले. मुलीची कमाई धाकट्या भावाच्या मोटारसायकलवर जाणार नाही, हे वडिलांनी चौघांसमोर कबूल केले. हे बोलणे अवघड होते, पण झाले ते बरे झाले.

लग्नाचा प्रश्न विचारणाऱ्यांना तिच्या आईनेच उत्तर दिले. "माझं लगीन अठराव्या वर्षी झालं. तव्हापासून धरणाच्या पल्याड काय हाय ते म्या बगितलं नाय. पोरीला बगू द्या." त्यावर आम्हाला बोलण्यासारखे काही उरले नाही.

वस्तीने काय करावे

एक मुलगी गेली म्हणजे काम संपले असे नाही. शहापूर-मुरबाडच्या वस्त्यांतून कितीतरी मुले-मुली बारावी, डिप्लोमा करून घरी बसली आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी सहज करता येतील. पहिली, प्रत्येक वस्तीत एका जाणत्या माणसाने पासपोर्टपासून करारापर्यंतची कागदपत्रे पाहून देण्याची जबाबदारी घ्यावी आणि त्याबद्दल चहासुद्धा घेऊ नये. दुसरी, महिला मंडळाच्या बचतीतून प्रशिक्षणासाठी बिनव्याजी रक्कम द्यावी, म्हणजे कोणाची माळ गहाण पडणार नाही. तिसरी, भीमजयंतीच्या वर्गणीतला काही भाग मुलांना, आणि विशेष करून मुलींना, तालुक्याच्या किंवा शहराच्या तलावावर पोहणे शिकवण्यासाठी राखावा. चौथी, दलाल वस्तीत आला की त्याचा परवाना सर्वांसमोर विचारावा.

तथागतांनी स्वतःच स्वतःचा आधार व्हायला सांगितले, आणि संघालाही शरण जायला सांगितले. या दोन गोष्टींत विरोध नाही, हे या तयारीत आम्हाला नीट उमगले. मुलगी पुढच्या महिन्यात निघेल. विमानतळाच्या दारापर्यंत आपण जाऊ, त्यापुढे तिचे तिलाच चालायचे आहे. तिला आणि तिच्यासारख्या प्रत्येक लेकीला वाटेवर मंगल होवो.

जयभीम!